बाबांची २००४ ची एस्टीम ४०२ मीटर पळवायची आहे, सुरुवात कुठून करू?

कोलशेतचा_एस्टीमवाला | ८ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. वाचक जुना, धागा पहिलाच. थोडं लांबेल.

आमच्याकडे बाबांची एस्टीम आहे, २००४ ची व्हीएक्सआय, एमएच-०४ पासिंग. घरातली पहिली कोरी गाडी. गणपतीला चिपळूणला जाताना कशेडी घाट तिने किती वेळा चढला याचा हिशेब नाही. चार वर्षांपूर्वी बाबांनी रात्रीचं चालवणं सोडलं, मग हळूहळू दिवसाचंही. तेव्हापासून ती सोसायटीत झाकलेली. रविवारी मी चालू करतो, घोडबंदर रोडवर कासारवडवलीपर्यंत एक फेरी मारतो, परत झाकतो. १५ वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झाली, पुढच्या पाच वर्षांचीही झाली, कागद साफ आहेत.

मागच्या हिवाळ्यात मित्राबरोबर लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यत (उभ्या गाडीने सुटून सरळ ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, पळायचं) बघायला गेलो. मोठमोठ्या गाड्या होत्या, त्या बघून झाल्या. मी दिवसभर रेंगाळलो तो एका जुन्या होंडा सिटी व्हीटेकपाशी. मालक चाळिशीचा असेल. प्रत्येक धावेनंतर तो टायरची हवा मोजायचा, वहीत वेळ लिहायचा, आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायचा. संध्याकाळपर्यंत त्याने जवळजवळ अर्धा सेकंद कमी केला, एकही नवा पार्ट न लावता. घरी येताना माझ्या डोक्यात फक्त एस्टीम होती.

एक लाख बाजूला काढलेत. यादी केली आहे: फ्री-फ्लो एक्झॉस्ट, कोन फिल्टर, १५ इंची अलॉय, गाडी खाली घेणाऱ्या स्प्रिंग. एका गॅरेजवाल्याने २५ अश्वशक्ती वाढवून देतो असं सांगितलंय. गाडी मुळात ८५ ची. यातलं आधी काय करू?

वागळे_गॅरेज | ९ जून, सकाळी ७:०५

यादी फाडून टाक.

रागावू नकोस. २७ वर्षं हेच काम करतोय, वागळे इस्टेटमध्ये, म्हणून सरळ सांगतो. चार वर्षं उभी राहिलेली गाडी आहे. तिच्यात आज ८५ घोडे आहेत की ६५, हे तुला माहीत नाही, मला नाही, आणि २५ वाढवून देणाऱ्यालाही नाही. या इंजिनाला टर्बो नाही. नुसता सायलेन्सर आणि फिल्टर बदलून त्यातून २५ निघत नाहीत. आवाज निघतो.

पहिलं काम कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं. इंजिन गरम कर, चारही प्लग काढ, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव, मीटर लाव. या इंजिनाला १४ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास यायला हवं. १२ च्या खाली गेलं तर दुखणं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोज. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

मग टायमिंग बेल्ट. कधी बदलला ते बिलावर लिहिलेलं नसेल तर बदलून टाक. नळ्या, फॅनबेल्ट, इंजिन माउंटिंग, टाकीतलं जुनं पेट्रोल, इंजेक्टर साफ. जी१३ कुटुंबातलं इंजिन आहे, जिप्सी किंगला आणि पहिल्या पेट्रोल स्विफ्टला त्याचेच भाऊबंद लागलेत, त्यामुळे सामानाची ददात नाही.

दुसरं ब्रेक. तिसरं टायर. एवढं झाल्यावर लाखातले उरतील तेवढे घेऊन ये, मग ताकदीचं बोलू.

ऐरोली_हेअरपिन | ९ जून, सकाळी ९:४०

काकांच्या शब्दाशब्दाशी सहमत. फक्त ‘का’ ते मी लिहितो, कारण मी हे पैसे घालवून शिकलो.

माझ्याकडे पोलो १.० टीएसआय आहे. पहिल्या वर्षी रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं) केलं, हवा आत घेणारा इनटेक बदलला, आणि खुशीत कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेलो. बाराशे किलोमीटरच्या वर, त्याच गाडीने, पत्नी शेजारी. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल स्पंजासारखं खाली गेलं. वाळूत उतरलो, गाडी वाचली.

झालं होतं ते असं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी प्यायलं की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. माझं तीन वर्षं जुनं होतं. शहरात त्याने कधी कुरकुर केली नाही, कारण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तेवढी उष्णता तयारच होत नाही. ट्रॅकवर दर मिनिटाला तीनदा पूर्ण ब्रेक मारल्यावर ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाय खाली, चाकं मोकळी. गाडीचा दोष शून्य, माझा शंभर टक्के.

वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे आपण सगळे नववीत शिकलो. मला ते त्या वाळूत समजलं.

आता तुझ्या ४०२ मीटरकडे. या अंतराचा वेळ ढोबळमानाने वजन भागिले ताकद या गुणोत्तराच्या घनमुळाने बदलतो. म्हणजे ताकद १० टक्के वाढवलीस तर वेळ ३ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. तुझी गाडी तंदुरुस्त झाली की साडेअठरा सेकंदांच्या घरात धावेल. १० टक्के ताकद म्हणजे साडेआठ अश्वशक्ती, आणि टर्बो नसलेल्या इंजिनातून तेवढी काढायला हेडर, हेडचं काम, कॅम असं बरंच करावं लागतं. मिळेल अर्धा सेकंद. दुसरी बाजू बघ. स्टेपनी, जॅक, हत्यारं मिळून १५ किलो. मागची सीट २० च्या आसपास. टाकी भरलेली न ठेवता ८ लिटर पेट्रोल ठेवलंस तर आणखी २४. झाले जवळजवळ ६० किलो. चालकासकट ९७५ किलो धर, ६ टक्के गेले, वेळ ०.३५ ते ०.४ सेकंदांनी कमी. खर्च शून्य. आयोजकांच्या वर्गाच्या नियमात बसतं का ते आधी वाच, आणि घरी येताना सगळं परत बसव.

कोन फिल्टर मुळीच लावू नकोस. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत ९ टक्के कमी हवा मावते. कंपनीची नळी समोरून गार हवा घेते, तीच ठेव, आतला कागदी फिल्टर नवा टाक.

नेरूळ_खिडकी | ९ जून, दुपारी २:१५

मी गाडीवाली नाही, तरी लिहिते आहे. आमचं घर पामबीच रोडच्या तोंडावर आहे, टी. एस. चाणक्यच्या जवळ. शनिवारी रात्री एकनंतर आमच्या खिडकीखालून गाड्या जातात. जातात म्हणजे आधी लांबून किंचाळी ऐकू येते, मग बंदुकीच्या गोळ्यांसारखे आवाज, मग काही क्षण शांत, आणि आम्ही दोघं अंथरुणात पुढच्या आवाजाची वाट बघत पडतो, आदळल्याच्या. दोनदा तो आला आहे. आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे.

तुमचं सगळं वाचलं. तुम्ही शिकून-सवरून बोलताय हे कळतंय. मला दोनच प्रश्न आहेत. तो गोळ्यांसारखा आवाज शर्यतीला लागतो का? आणि तुमच्यातले लोक रस्त्यावर का करतात हे?

ऐरोली_हेअरपिन | ९ जून, दुपारी ३:३०

ताई, पहिल्याचं उत्तर: नाही. जराही लागत नाही. चालकाने पाय उचलल्यावर इंजिनाला पेट्रोल लागत नाही, संगणक ते बंद करतो. हे लोक सॉफ्टवेअरमध्ये बदल करून पाय उचलल्यावरही पेट्रोल सोडतात आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात. जळायचं ते सिलिंडरऐवजी एक्झॉस्टच्या नळीत जळतं, तो तुमचा आवाज. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जळतो, टर्बो तापतो. रॅलीच्या टर्बो गाड्यांत यासारखी एक यंत्रणा असते, पण ती वळणातून निघताना टर्बो फिरता राहावा म्हणून, आणि बंद केलेल्या मार्गावर. रस्त्यावर त्याचा वेळेशी काहीही संबंध नाही.

दुसऱ्याचं एक कारण तरी खरं आहे. आपल्याकडे जागा नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइंबतूरचा करी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. ठाण्याच्या पोराला हे तिन्ही परराज्यात. एके काळी जुहूच्या विमानतळावर शर्यती व्हायच्या, आज त्या भागात गाडी उभी करायला जागा मिळत नाही.

नेरूळ_खिडकी | ९ जून, दुपारी ३:५०

जागा नाही हे पटत नाही मला. ठाण्यात पोहायचे तलाव पुरेसे नाहीत म्हणून कुणी पाण्याच्या टाकीत उतरत नाही. तुमच्यासारखे बाराशे किलोमीटर जाऊन आले ना? मग जाता येतं.

ऐरोली_हेअरपिन | ९ जून, दुपारी ४:०५

बरोबर आहे ताई. कारण म्हणून लिहिलं, पण ते समर्थनासारखं झालं. मागे घेतो.

सर्व्हेअर_घणसोली | ९ जून, रात्री ९:३०

विम्याचे दावे तपासतो, रोजचं काम आहे. कायद्याची बाजू एकदा नीट लिहून ठेवतो, कारण या विषयावर अर्धवट माहितीच जास्त फिरते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किटसारखे मान्यताप्राप्त बदल, दिव्यांगांसाठीचे बदल, परवानगी घेऊन इंजिन बदलणं, यांना वाट आहे आणि त्यांची आरसीवर नोंद होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने बेकायदा बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९: पहिल्यांदा ५,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता विमा. तुमच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा परिच्छेद असतो. कुणीही वाचत नाही. त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. म्हणजे धावपट्टीवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. ही गोष्ट आधी घरच्यांना सांगा. बाबांची गाडी आहे, त्यांना माहीत असलं पाहिजे.

माझा सल्ला असा. एस्टीमला फक्त देखभाल म्हणता येईल असं काम करा: मूळ मापाचे चांगले टायर, चांगले पॅड, नवं ऑइल, नवे बुश. यातलं काहीही कलम ५२ मध्ये अडकत नाही. यापलीकडे जायचं असेल तर ती गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवर घालून न्यायची, असं ठरवूनच जा.

कळंबोली_टर्मिनल | १० जून, पहाटे ५:१०

नमस्कार. आमचा धंदा ट्रकचा. वडलांचे दोन, माझा एक. या विषयात ट्रकचं कुणी काढत नाही म्हणून लिहितो.

मार्च २०१४ ला बुद्ध सर्किटवर टाटांनी प्रायमा ट्रकची शर्यत भरवली. मी आणि चुलतभाऊ रेल्वेने गेलो होतो बघायला. पहिल्या वर्षी चालक सगळे बाहेरचे, ब्रिटनच्या ट्रक शर्यतीतले. २०१६ ला आपले ड्रायव्हर उतरले, हायवेवर ट्रक चालवणारे, त्यांना शिकवून तयार केलेले. तेव्हा जो हुरूप आला तो मी शब्दात नाही सांगू शकत. माझा बाप ४० वर्षं ट्रक चालवतोय, त्याला कधी कुणी खेळाडू म्हणालं नाही.

युरोपातल्या शर्यतीच्या ट्रकला वेगाची मर्यादा असते, ताशी १६० किलोमीटर. पाच टनांच्या वरचा ऐवज तेवढ्यावरून थांबवायचा म्हणून ब्रेकवर पाण्याचा फवारा मारतात, वळणात चाकातून वाफ निघते. काका बोलतात ते ब्रेकचं तिकडंही पहिलंच आहे बघा.

आमच्या टर्मिनलवर पोरं पिकअपच्या डिझेलला चिप लावतात. काळा धूर निघाला की ताकद वाढली समजतात. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, पैसा हवेत. एक्झॉस्टचं तापमान वाढतं, टर्बो आणि पिस्टन जातो. माझ्याकडं शिकायला येणाऱ्याला हे मी आधी सांगतो.

वागळे_गॅरेज | १० जून, रात्री १०:४५

नेरूळच्या ताईंनी विचारलं रस्त्यावर का करतात. मी उत्तर देणं लागतो.

२००६-०७ च्या सुमाराला माझ्याकडे रात्रीच्या पोरांच्या गाड्या यायच्या. मी घ्यायचो. पैसे चांगले, पोरं उत्साही, आणि मला स्वतःला हात दाखवायची हौस. एकाची सिटी केली होती. हेडर, हेड पोर्टिंग, सगळं हाताने, १५ दिवस लागले. गाडी सुंदर झाली. मी म्हटलं, पॅड संपलेत, डिस्कला ओठ आलाय, हे आज कर. तो म्हणाला, काका पगार झाला की. इंजिनाचे पैसे दिले आणि ब्रेक पुढच्या महिन्यावर टाकला. मीही किल्ली दिली. त्या शनिवारी किल्ला जंक्शनच्या अलीकडे डिव्हायडरवर. पोरगा वाचला. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही.

त्याने कधी मला दोष दिला नाही. दिवाळीला फोन करतो. पण किल्ली मी दिली होती.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. ब्रेक आणि टायर झाल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही. आणि गाडी रात्री रस्त्यावर पळवायची आहे असा नुसता वास आला तरी काम घेत नाही. या नियमाने गिऱ्हाइकं गेली. जाऊ दे.

नेरूळ_खिडकी | १० जून, रात्री ११:३०

काका, लिहिलंत म्हणून आभार. मला वाटलं होतं मला इथून हाकलून देतील.

कोलशेतचा_एस्टीमवाला | २१ जुलै, रात्री ८:५०

उशीर झाला, पण काम चालू आहे. पावसात गॅरेजला गर्दी कमी होती ते पथ्यावर पडलं.

कॉम्प्रेशन: १३.२, १३.०, ११.१, १३.४. तिसऱ्यात ऑइल टाकून मोजलं तरी ११.३. म्हणजे व्हॉल्व्ह. हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नव्हता, कडेला काळपट डाग. काकांनी मला समोर बसवून लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं) करायला लावलं, पेस्ट लावून तळहातात काडी फिरवत. पहिला व्हॉल्व्ह करायला मला दीड तास लागला. पुढचे १५ दोन रविवारांत झाले. दुसऱ्या रविवारी बाबा आले, स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, २००९ पासून घाटात तिसऱ्या गिअरला थोडी दमते असं वाटायचं, पण सर्व्हिसला सांगितलं की सगळं ठीक आहे म्हणायचे.

बाबांना विम्याचंही सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ठोकलीस तर मी रडणार नाही, तू मात्र ठोकू नकोस.

अलॉयचा प्रश्न: १५ इंची घ्यायचे का? एका दुकानात दिसायला छान आणि खूप स्वस्त आहेत.

ऐरोली_हेअरपिन | २१ जुलै, रात्री ९:२०

नको. मूळ १३ इंचीच ठेव. मोठं चाक जड असतं, आणि ते वजन कडेला फिरतं, ते फिरवायलाही ताकद लागते. एकूण व्यास वाढला तर गिअरही लांब होतो. ४०२ मीटरला दोन्हीकडून तोटा. स्वस्त नकली अलॉयचं आणखी एक: मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं, चाक नुसत्या नटांवर टांगलेलं राहतं आणि वेगात थरथरतं. घ्यायचंच झालं तर मापाची हब रिंग (ती फट भरणारी कडी) हवी.

१७५/७० आर१३ चे नवे टायर घे. कडेला डॉट शिक्क्यानंतर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात पडून राहिलेले जुने गळ्यात मारतात, म्हणून खाली वाकून वाच. वेगाचं अक्षरही बघ: एस १८० पर्यंत, टी १९०, एच २१०.

दिवा_शटल | २२ जुलै, दुपारी १:१०

रोल केज बसवणार का? माझ्या मित्राने रोजच्या गाडीत बसवलाय, सुरक्षित वाटतं.

ऐरोली_हेअरपिन | २२ जुलै, दुपारी २:००

मित्राला आजच्या आज सांगा. शर्यतीचा पिंजरा जोड नसलेल्या पोलादी नळीचा असतो, मुख्य कमानीला एफआयएच्या (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियमांत ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी. तो गाडीच्या सांगाड्याला वेल्ड किंवा बोल्ट केलेला असतो, आणि आत बसणाऱ्याला हेल्मेट आणि घट्ट हार्नेस असतो. हेल्मेटशिवाय, साध्या पट्ट्यावर, डोक्यापासून वितीभर अंतरावर ती नळी म्हणजे साध्या धडकेतही डोकं लोखंडावर. रोजच्या गाडीत पिंजरा नसलेलाच बरा. एस्टीमला या वेगाला तो लागतही नाही. तिथे काय लागतं ते आयोजक तांत्रिक तपासणीत सांगतात. चांगलं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात बूट, गाडीत अग्निशामक. एफएमएससीआयची (भारतातल्या मोटार शर्यतींची संघटना) मान्यता असलेल्या स्पर्धेलाच जा आणि त्यांचा परवाना काढून जा. मान्यता म्हणजे रुग्णवाहिका, मार्शल, बंद पट्टी या गोष्टी कुणीतरी तपासलेल्या असतात.

नेरूळ_खिडकी | २३ जुलै, सकाळी १०:००

जागेबद्दल परत विचारते. ट्रॅक मोठा लागतो हे समजलं. पण छोट्या जागेत काही होत नाही का? इथे सुट्टीच्या दिवशी रिकामी पडलेली मोठी आवारं कितीतरी आहेत.

ऐरोली_हेअरपिन | २३ जुलै, दुपारी १२:४५

होतं ना ताई, आणि मला वाटतं खरं उत्तर तेच आहे. ऑटोक्रॉस. डांबरी किंवा काँक्रीटचं मोकळं आवार, फुटबॉलच्या मैदानाएवढं किंवा थोडं मोठं. त्यात कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची. एका वेळी एकच गाडी, घड्याळाविरुद्ध. बहुतेक सगळं दुसऱ्या गिअरमध्ये, वेग साठच्या आसपास. चूक झाली तर कोन पडतो आणि वेळेत दंडाचे सेकंद मिळतात. अल्टो घेऊन आलेली मुलगी मोठ्या गाडीवाल्याला हरवते, कारण तिथे ताकदीपेक्षा नजर आणि हात लागतात. मालकाची परवानगी, पोलिसांना पत्र, मान्यता, रुग्णवाहिका, कडेला पुरेशी मोकळी जागा, एवढं जमवावं लागतं.

आपल्याकडे मोटार शर्यतीचा खेळ घरच्या गाड्यांवरच वाढलाय. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती बांधली, नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्यात धावला आणि २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये पोचला. करी स्पीडवेला नाव त्यांचंच आहे.

नेरूळ_खिडकी | २३ जुलै, दुपारी १:२०

मग पत्र लिहा. गाडीवाल्यांनी आपल्या नावाने, सही करून, तळोजा किंवा रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या आवाराच्या मालकाकडे जा. सोबत पामबीचच्या रहिवाशांची सही लागली तर माझी घ्या. आमच्या मजल्यावरच्या चार घरांच्या मी आणते.

कळंबोली_टर्मिनल | २३ जुलै, रात्री ९:००

तळोज्यात एका आवाराचा मालक आमच्या ओळखीचा आहे. रविवारी रिकामं असतं, पण काँक्रीटला दोन ठिकाणी खड्डे आहेत. मी विचारतो. ताई, तुमच्या सह्या असल्या तर वजन पडेल.

कोलशेतचा_एस्टीमवाला | १४ डिसेंबर, रात्री १०:३०

काल धावलो.

हिशेब आधी. टायर, पॅड, डॉट ४, नळ्या, बेल्ट, क्लच प्लेट, हेडचं काम, मागचे बुश, हेल्मेट, परवाना, प्रवेश फी. ८३ हजार. ताकद वाढवणारा एकही पार्ट नाही. सायलेन्सर कंपनीचाच, गाडी आली तेव्हा शेजारच्या रांगेतल्यांना इंजिन चालू आहे हे कळलंही नाही.

तिथे एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. दिवा हिरवा झाल्यावर तुम्ही किती उशिरा निघालात तो वेळ वेगळा मोजतात. गाडीचं घड्याळ चाक पुढे सरकल्यावर सुरू होतं. हे तोवर माहीत नव्हतं, म्हणून मी पहिल्या धावेत हिरव्या दिव्यावर उगाच घाई केली. ४,५०० वर क्लच सोडला, डावं चाक जागेवर फिरलं, १९.०२. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) साधं आहे, एक चाक घसरलं की सगळी ताकद तिकडेच वाया जाते.

दुसऱ्या वेळी पुढच्या टायरची हवा ३० वरून २६ केली आणि ३,००० वर क्लच सोडला. १८.७१. तिसऱ्या वेळी फक्त गिअर बदलायची जागा बदलली. मी लाल पट्ट्यापर्यंत ओढत होतो, तिथे हे इंजिन थकलेलं असतं. थोडं आधी तिसरा टाकला. १८.४६. शेवटी ताशी ११८. हेअरपिन, तुझा साडेअठराचा अंदाज डोळ्यांसमोर खरा झाला.

बाबा जाळीपाशी उभे होते, हातात त्यांचं जुनं एचएमटी आणि माझी वही. तिन्ही वेळा त्यांनी स्वतःही मोजलं. त्यांचा आकडा दर वेळी जवळजवळ अर्धा सेकंद चुकत होता. दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं की चौथी धाव आहे का. तीनच होत्या. मग म्हणाले, चिपळूणला हिनेच जाऊ या का शिमग्याला.

धावेनंतर टायरची हवा परत ३० केली, मागची सीट बसवली, स्टेपनी टाकली, घाट उतरून घरी. ब्रेक पूर्ण दिवसात एकदाही मऊ झाले नाहीत.

एकच शंका. तिसऱ्या धावेनंतर वरच्या आरपीएमला अगदी किंचित टकटक ऐकू आली असं वाटलं. पाय सोडला की गेली. साधंच पेट्रोल होतं.

नेरूळ_खिडकी | १४ डिसेंबर, रात्री १०:५०

बाबांना माझा नमस्कार सांगा. तळोज्याच्या मालकांनी खड्डे बुजवल्यावर बघू म्हटलंय, कळंबोलीच्या दादांनी आज कळवलं. आमच्याकडून ११ सह्या झाल्या.

वागळे_गॅरेज | १५ डिसेंबर, सकाळी ६:५५

१८.४६ छान.

टकटक अंगावर काढू नकोस. घाटात किंवा हायवेला ओढू नकोस तोवर. हेड बसवताना टायमिंग आपण बरोबर लावलं होतं, पण टायमिंग धरून ठेवणारा बोल्ट थोडा सरकला असेल तर ठिणगी लवकर पडते आणि गरम इंजिनात असा आवाज येतो. नाहीतर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. प्लग सांगतील. पोर्सेलीनवर बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे कण दिसले तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण नीट न जळता आपोआप भडकतंय. पांढराफटक असेल तर पातळ. फिकट तपकिरी असेल तर तुला भास झाला.

चारही प्लग काढ, कागदात गुंडाळ, प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिही. पुसू नकोस. रविवारी नऊला ये, टायमिंग लाइट काढून ठेवतो. बाबांनाही आण.